मागच्या बाजूचा पोर्ट

पांढुर्णा
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय गौरवदादा,

हे अक्षर माझंच आहे, हसू नको. नागपूरच्या फिजिओवाल्या अमृता मॅडम म्हणतात, डाव्या हाताले सवय पाडायची असन तं रोज एक पान लिही, अन् कोणाले तरी लिही, नाई तं चार दिवसांत सोडून देशील. मी म्हटलं, माझा मामेभाऊ बंगलोरले आहे, त्याले लिहिते. उजवा हात तं वरुड रोडवरच्या त्या ट्रकपासून नुसता खांद्याले लटकून आहे. दोन ऑपरेशनं झाली, बोटं काही हलली नाई. शाळा हिंदी मीडियमची, म्हणून मराठी जशी बोलते तशीच लिहून राहिली. चुका काढू नको.

मोठी खबर सांगते. व्हिडिओ गेमच्या रेस लीगमध्ये मी वरच्या गटात गेली! घरी कोणाले त्याचा अर्थ समजत नाई. बाबा म्हणतात, छान, पण डी.एड.चा फॉर्म कधी भरतेस? मतलब, तूच एक आहेस ज्याले सांगून फायदा आहे.

मी खेळते कसं हे तू पाहिलंच नाई अजून. डाव्या हातानं स्टिअरिंगची घुंडी, अन् गॅस, ब्रेक, गिअर सगळं पायानं, त्या पेडलच्या पेटीवर. पेटीची वायर कन्सोलच्या मागच्या गोल पोर्टात जाते. दुसऱ्या कुठंच लागत नाई, मी सगळं करून पाहिलं. समोरच्याले फक्त माझी निळी गाडी दिसते, हात दिसत नाई. दोन वर्षांत मले कोणी बिचारी म्हणत नाई अशी तेवढीच एक जागा आहे.

आता कामाचं. नेटवर बोंब आहे की उन्हाळ्याच्या आधी नवीन कन्सोल येऊन राहिला, पातळ, कमी तापणारा. तुझी कंपनी तं त्याच लोकांचे बोर्ड बनवते. खरं का? माझा जुना रेसच्या मध्येच बंद पडून राहिला. घरात अमितदादा म्हणते, नवीन आला की पहिल्याच दिवशी बुक करतो. सांग ना.

तुझी,
हिमानी

●

बंगळुरू
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय हिमानी,

अक्षर वाचता आलं. 'स्टिअरिंग' तर माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंस. वरच्या गटात गेलीस, फार आनंद झाला. जेवायच्या सुट्टीत मी टीममध्ये सांगितलं की माझी आतेबहीण रेसर आहे.

इथे दिवस वाईट चालू आहेत. मेमरी चिपा बाजारात मिळत नाहीत. मोठे डेटा सेंटरवाले कारखान्यातून माल निघायच्या आधीच उचलून नेतात आणि आमच्यासारख्यांना उरलंसुरलं मिळतं. जुन्या, साध्या चिपांचं तर आणखी वाईट, त्या बनवण्यात आता कोणाला रस नाही. रोज सकाळी मीटिंग होते, बोर्डावरचं काय काढता येईल, काय बदलता येईल. मी नोकरीला लागलो तेव्हा नवीन मॉडेल म्हटलं की विचारायचे, काय वाढवलं? आता विचारतात, काय कमी केलं?

नवीन कन्सोलबद्दल मला काही बोलता येत नाही. तशी सही करून दिली आहे आम्ही सगळ्यांनी. अमितला मात्र सांग, घाई करू नको. जुना कन्सोल जपून वापर. त्यातली धूळ साफ करून घे, भिंतीपासून लांब ठेव. आणि कोणी त्याच मॉडेलचा दुसरा जुना विकत असेल तर घेऊन ठेव. तुला तोच पुरेल.

आत्या-मामांना नमस्कार.

तुझा,
गौरवदादा

●

पांढुर्णा
१० डिसेंबर २०२५

गौरवदादा,

तुझं पत्र आलं तेव्हाच उत्तर लिहिणार होती, पण रागात अक्षर बिघडते.

गेल्या शनिवारी आई अन् मी सावसरले तुमच्या घरी गेलो होतो. सुधामामी जामसावळीच्या मारुतीचं दर्शन घेऊन नुकतीच आली होती, प्रसाद दिला अन् बोलता बोलता म्हणे, "गौरवचा फोन आला होता. म्हणे, हिमानीले सांग जुनाच राहू दे. मीही तेच म्हणते बाई, एका हातानं असं किती दिवस खेळशील? शिक्षणाकडं ध्यान दे आता." आई मान हलवून राहिली होती. 

मले वाटलं होतं निदान तू वेगळा आहेस. 'तुला तोच पुरेल.' काऊन पुरेल? अमितदादानं नवीन मोबाइल घेतला तेव्हा त्याले कोणी म्हटलं का, जुना पुरेल? सगळ्यांनी ठरवून टाकलं की या पोरीले आता थोडंसंच पाहिजे. थोडं शिक्षण, थोडं बोलणं, जमलं तं एखादं स्थळ, तेही कोणी हो म्हटलं तं. त्यात आता तू.

कन्सोल नागपूरले नेला होता. दुकानवाला म्हणे, आतला पार्ट गेला, अन् तो पार्ट येऊनच नाई राहिला, महिन्यांपासून. त्यानं फक्त साफ करून दिला. काल पुन्हा शेवटच्या फेरीत बंद पडला. मी तिसरी होती, दादा.

नवीन आला की आम्ही घेऊ. मले काय पुरते अन् काय नाई, ते मी पाहीन.

हिमानी

●

पांढुर्णा
६ जानेवारी २०२६

गौरवदादा,

सुट्टी संपवून तू बंगलोरले पोचला असशील. त्या दिवशी सावसरले मामीच्या गच्चीवरून मी सरळ खाली उतरली अन् बाबांच्या मागं गाडीवर बसून निघून आली. तुले वाटलं असन मी रडायले गेली. रडली नाई. विचार करायचा होता. आता झाला, म्हणून लिहून राहिली.

तू म्हटलं, "हिमानी, नवीन कन्सोलले मागचा पोर्ट नाही."

मी म्हटलं, "मग कुठं आहे? बाजूले?"

"कुठंच नाही. काढला."

"कोणं काढला?"

तू वाळत घातलेल्या चादरीकडं पाहून राहिला. मग म्हटलं, "मीच. काय काढता येईल ते शोधायचं काम माझ्याकडं होतं. मी या पोर्टाचं नाव सुचवलं, सगळे हो म्हणाले."

दादा, मले एक गोष्ट समजत नाई. नोव्हेंबरात मी तुले पूर्ण पान भरून लिहिलं की माझी पेटी कुठं लागते. तेव्हा तुले माहीत होतं. अन् तू मले धूळ साफ करायले सांगतलं! माझा समज झाला की तू मले कमी समजतोस. तेवढा एक महिना मी तुझ्यावर उगाच चिडली, हे माझं चुकलं. पण खरं कारण त्याहून वाईट निघालं.

तू म्हटलं, हजारात एकही माणूस तो पोर्ट वापरत नाई, तुमच्याकडं आकडा आहे. एवढंच सांग, त्या आकड्यात मी मोजलेली आहे का?

तू घाबरून म्हटलं होतं की हे कोणाले कळलं तं तुझी नोकरी जाईन. कोणाले सांगणार नाई. पण तुझ्याशी नीट बोलायले मले थोडा वेळ लागन.

हिमानी

●

बंगळुरू
२० जानेवारी २०२६

प्रिय हिमानी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. तू मोजलेली नव्हतीस.

तुझं पत्र आल्यावर मी आकडा कुठून येतो ते उकरून काढलं. कन्सोल नेटला जोडला की त्याला काय काय लावलं आहे ते कंपनीला कळतं. पण तुझ्यासारखी पेडलची पेटी लावली की आमचं सॉफ्टवेअर तिला साधा कंट्रोलर म्हणून नोंदवतं. म्हणजे पोर्ट वापरणारे जवळपास सगळे साध्या कंट्रोलरच्या ढिगात गेले. उरले नगण्य. मी तो आकडा पाहिला आणि पोर्टावर काट मारली. त्या दिवशी मला कोणी रागावलं नाही, उलट शाबासकी मिळाली.

तू विचारलं नाहीस, पण काऊन ते सांगतो. तो पोर्ट चालवायला एक वेगळी चिप लागते, करंगळीच्या नखाएवढी, जुन्या पद्धतीची. ती बनवणाऱ्या कारखान्यानं आता दुसरा माल काढायला घेतला. वर्षभर पुरवठा नाही म्हणाले. त्या एका चिपेसाठी सगळेच कन्सोल अडकले असते. मला ते तेव्हा पटलं होतं. खोटं कशाला बोलू, थोडंसं अजूनही पटतं.

परवा मी मृणाल मॅडमकडे गेलो. त्या आमच्या टीमच्या प्रमुख. म्हटलं, आकडा चुकीचा आहे. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "बोर्ड कारखान्यात गेलाय, गौरव. पुढच्या आवृत्तीसाठी मी बोलू शकते, पण मला लेखी दे. आणि हे तुला आत्ताच कसं सुचलं, तेही लिही. वर तेच पहिलं विचारतील."

तिथेच मी अडकलो. ते लिहायचं म्हणजे तुझं नाव लिहायचं. थोडे दिवस जाऊ दे, रस्ता काढतो. तोवर तू कोणाजवळ एक शब्द बोलू नको. अमितजवळही नाही. कोणाला सांगितलं नाहीस ना? दोन ओळी लिहून कळव, म्हणजे मला झोप लागेल.

गौरवदादा

●

पांढुर्णा
३ फेब्रुवारी २०२६

प्रिय गौरवदादा,

तू आकडा शोधून काढला अन् मॅडमपर्यंत गेला, हे वाचून बरं वाटलं. खूप बरं वाटलं. राग पूर्ण गेला नाई, पण अर्धा तं गेलाच.

इकडं मात्र टेंशन वाढलं. नवीन कन्सोल जाहीर झाला, तुले माहीतच आहे. फोटो सगळे समोरूनच काढलेले. मार्चमध्ये दुकानात येणार म्हणे. अन् लीगवाल्यांनी लगेच सांगून टाकलं की मार्चच्या शेवटी सुरू होणाऱ्या सीझनपासून सगळ्यांनी नवीनवरच खेळायचं, सगळ्यांच्या मशीन सारख्या पाहिजेत म्हणून. मतलब मी बाहेर. मी एकटीच नाई. इंदूरचा कुलदीप म्हणून एक पोरगा आहे, त्याचे दोन्ही हात जन्मापासून वाकडे आहेत, तो पूर्ण गाडी पायानं चालवते. आमची गाठ लीगमध्येच पडली. त्याची बहीण जुना कन्सोल देऊन त्याच्यासाठी नवीन घेऊन राहिली. जुना द्या, नवीन घ्या, अशी स्कीम आहे ना.

अमितदादा रोज विचारते, बुक करू का? मी म्हणते, थांब. तो म्हणते, आधी तं घाई करत होती! काय सांगू त्याले?

तू विचारलं होतं, कोणाले सांगतलं का. कोणालेच नाई सांगतलं. झोप तू.

हिमानी

●

बंगळुरू
१७ फेब्रुवारी २०२६

हिमानी,

घाईत लिहितो आहे. हे पत्र मिळाल्यावर मला फोन करू नको, मेसेज टाकू नको, आईलाही काही बोलू नको. माझा मोबाइल आणि लॅपटॉप कंपनीनं तपासायला नेला आहे. फक्त कागदावर लिही.

गेल्या आठवड्यात एका खेळाडूनं पोस्ट टाकली, 'नवीन कन्सोलमध्ये मागचा पोर्ट नाही. माझ्यासारख्यांनी जुना देऊ नका.' दोन दिवसांत ती कुठल्या कुठे गेली. परदेशातल्या लोकांनी उचलली, शेकडो जण लिहू लागले की आम्हीही तोच पोर्ट वापरतो. कन्सोलच्या मुख्य कंपनीनं आमच्याकडे बोट दाखवलं, कारण ही गोष्ट फार थोड्यांना माहीत होती. त्या थोड्यांत मी आहे, आणि जानेवारीत अचानक त्याच पोर्टाबद्दल विचारत फिरणारा मी एकटाच.

काल चौकशी समितीसमोर बसवलं. तिघं होते. "हे तुम्ही कंपनीच्या बाहेर कोणाला सांगितलं आहे का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "घरच्या कोणाला?" मी पुन्हा म्हटलं, "नाही." तुला सांगितलं होतं हे मी लपवलं. पण मनात एवढा भरोसा होता की बाहेर गेलं ते माझ्याकडून गेलं नाही, कारण तू लिहिलं होतंस, कोणालाच नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं. पोस्ट टाकणारा इंदूरचा आहे.

हिमानी, हा तोच कुलदीप आहे का? मला खरं सांग. पुढची सुनावणी शुक्रवारी २७ तारखेला आहे. त्याच्या आत मला कळलं पाहिजे, मी तिथे काय म्हणून बसणार आहे ते.

गौरव

●

पांढुर्णा
२१ फेब्रुवारी २०२६

दादा,

हो. तोच.

त्याची बहीण दुसऱ्या दिवशी जुना कन्सोल दुकानात देणार होती. तो मले हसत सांगून राहिला होता, नवीन आला की मी तुले हरवतो. मी फोन धरून बसली. एकदा वाटलं, बोलू नाई, दादानं हात जोडून सांगतलं आहे. मग वाटलं, उद्या याच्याजवळ जुनाही राहणार नाई. मी म्हटलं, "कुलदीप, देऊ नको. नवीनमध्ये मागचा पोर्ट नाई." त्याचं हसणं थांबलं. मग म्हणे, "तुझे किसने बताया?" मी म्हटलं, ते विचारू नको, अन् कोणाले सांगू नको. त्यानं तुझं नाव नाई ऐकलं, हे मी आईची शपथ घेऊन सांगते. माझंही नाव त्यानं कुठं टाकलं नाई. पोस्ट टाकल्यावर त्याचा फोन आला, म्हणे, बाकीचे लोक पण जुना देऊन राहिले होते, मी गप्प कसा बसू?

हे सगळं तुले ३ तारखेच्या पत्रात लिहायले पाहिजे होतं. लिहिलं होतं, दादा. मग ते पान फाडून दुसरं लिहिलं. तू झोपशील म्हणून. अन् मी भ्याली म्हणून.

तू समितीत माझं नाव सांग. सांग की तिनं वचन मोडलं. ते मले काय करतीन? माझी कोणती नोकरी आहे?

स्पीड पोस्टनं टाकून राहिली. पोस्टातला माणूस म्हणे, गुरुवारपर्यंत पोचन. नाई पोचलं तं काय करू?

हिमानी

●

बंगळुरू
२८ फेब्रुवारी २०२६

हिमानी,

पत्र गुरुवारी संध्याकाळी पोचलं. शुक्रवारी सकाळी मी आत गेलो तेव्हा ते शर्टाच्या खिशात होतं.

मोबाइलमध्ये त्यांना काही सापडलं नव्हतं. समितीच्या अध्यक्षांनी आल्या आल्या सांगितलं, "तुमच्याविरुद्ध काही निघालेलं नाही. मागचं उत्तर कायम आहे असं लिहून द्या, म्हणजे हे इथेच संपवू." कागद तयार होता. पेन पुढे केला. मृणाल मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पेन उचलला होता. तुला खरं सांगतो, उचलला होता. सावसरच्या घराचा वरचा मजला अर्धा बांधून आहे, आईनं माझ्या लग्नाचं बोलणं लावलं आहे, सगळं डोळ्यासमोर आलं. पण सही केली असती तर मी पोर्टाबद्दल तोंड उघडूच शकलो नसतो. आकडा चुकला आहे हे मला कळलं ते तुझ्यामुळे. तू नाहीस असं लिहून दिल्यावर तो आकडाच बरोबर ठरतो.

मी पेन खाली ठेवला. म्हटलं, "मागचं उत्तर खोटं होतं. मी माझ्या बहिणीला सांगितलं. तिचा उजवा हात चालत नाही, ती त्या पोर्टावर खेळते." आणि मग जे जानेवारीत लिहायला घाबरलो होतो ते सगळं बोललो. पेटी साधा कंट्रोलर म्हणून कशी नोंदवली जाते, किती लोक त्यात दडले असतील, सगळं. कोणी मध्ये थांबवलं नाही. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

संध्याकाळपर्यंत नोकरी गेली. खोली रिकामी करून सावसरला येतो आहे.

आता दुसरं. मला तुझा राग आला आहे, आणि तो लपवत नाही. कुलदीपला सांगितलंस म्हणून नाही. मी विचारलं असताना 'कोणालेच नाई' लिहिलंस म्हणून. त्या एका ओळीवर मी समितीत मान वर करून बसलो होतो. आता काही दिवस मला लिहू नको.

गौरव

●

पांढुर्णा
२९ मार्च २०२६

गौरवदादा,

तू लिहू नको म्हटलं होतं. महिना थांबली. तू सावसरले येऊन इतके दिवस झाले, दोनदा मामीले फोन केला. ती म्हणते, खोलीच्या बाहेर येत नाई, जेवायले बोलावलं की येते अन् परत आत जाते. काल तिनं आईजवळ रडून घेतलं. मले कोणी काही म्हणत नाई, तेच जास्त लागते. बाबा फक्त एकदा बोलले, "तुझ्या खेळापायी त्या पोराची नोकरी गेली, हे विसरू नको." मी म्हटलं, "विसरली नाई."

सफाई द्यायले लिहून राहिली नाई. तुले दोन गोष्टी माहीत असायले पाहिजेत, म्हणून लिहिते.

एक. मी अन् कुलदीप अन् आणखी काही जणांनी मिळून लीगवाल्यांले लिहिलं, आपापल्या नावानं. मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगतलं की माझा उजवा हात चालत नाई. त्यांनी उशीर केला, टाळाटाळ केली, मग या सीझनपुरतं मानलं. ज्याले गरज आहे त्यानं जुन्यावर खेळावं. पुढच्या वर्षीचं काही बोलले नाई. आता रेसच्या आधी लोक मले 'शाबास, हिंमतवाली' असं लिहितात. मले नाई आवडत. पण चालते.

दुसरी. आज पहिली रेस झाली. कन्सोलच्या मागं टेबलफॅन लावून ठेवला होता, अमितदादा पूर्ण वेळ हातानं तो धरून उभा होता, अन् मी पेडल दाबताना सारखा विचार करून राहिली होती, आता बंद पडते, आता पडते. नाई पडला. अकरावी आली. एका वळणावर घाई केली नाई तं आठवी आली असती.

रेस संपल्यावर पहिले तुले फोन लावायले हात गेला. मग फोन ठेवून दिला.

दादा, मी येत्या रविवारी सकाळच्या बसनं सावसरले येऊन राहिली. एकटी. अपघातानंतर एकटी बसमध्ये बसली नाई अजून, आई नाई म्हणून राहिली, पण मी ठरवलं आहे. तुले मले शिव्या द्यायच्या असतीन तं समोर बसून दे. पत्रातल्या शिव्या मी हजार वेळा वाचते अन् दरवेळी त्या आणखी मोठ्या होतात. तू खोलीचं दार नाई उघडलं तं मी बाहेर पायरीवर बसीन. मामी चहा देईनच.

हिमानी

●

सावसर
१ एप्रिल २०२६

प्रिय हिमानी,

पत्र आज दुपारी मिळालं. आईनं दाराखालून सरकवलं आणि तिथेच उभी राहिली, मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

कालच मृणाल मॅडमचा फोन आला होता. त्यांनी माझं बोलणं लेखी करून वर पाठवलं, स्वतःच्या सहीनं. पुढच्या आवृत्तीच्या बोर्डाचा नमुना आला आहे. त्यावर पोर्टाची जागा परत काढली आहे, चिपेची जागाही. दोन्ही जागा रिकाम्या आहेत. चिप मिळाली तर बसवतील, नाही मिळाली तर तसेच बोर्ड विकतील. कधी मिळेल ते कोणालाच ठाऊक नाही. मी विचारलं, "मला परत घ्याल का?" त्या म्हणाल्या, "नाही, गौरव. ते होणार नाही." निदान खोटी आशा लावली नाही त्यांनी.

बोरगावच्या एका कारखान्यात मशीनच्या कंट्रोल पॅनेलवर काम करायला माणूस हवा आहे. सोमवारी जाऊन येतो. आईला अजून सांगितलं नाही, तूही बोलू नको. हसतेस काय? हो, पुन्हा तुलाच सांगून राहिलो.

राग थोडा आहे अजून. पण दुसऱ्या दिवशी जुना कन्सोल जाणार आहे असं माझ्यासमोर कोणी हसत सांगितलं असतं, तर मीही बोललो असतो. गच्चीवर तेच तर केलं. एवढं कबूल करायला मला महिना लागला.

रविवारी ये. बस मोहगावला बरीच रिकामी होते, तिथे खिडकीजवळ सरक. मी स्टँडवर थांबतो. उतरताना घाई करू नको. हात द्यायला कोणी येणार नाही, मी फक्त बॅग घेईन.

तुझा,
गौरवदादा